आज तुम्ही परीक्षक

सर मुलांच्या तोंडासमोर माइक धरायचे, पण हातातून कधी सोडायचे नाहीत. मुलाचं पहिलं वाक्य संपलं की माइक पुन्हा सरांच्या तोंडाशी. “म्हणजे याला असं म्हणायचंय...” आणि मग सरांना जे म्हणायचं असेल ते. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. आपल्याकडे त्यांना तळमळीचे कार्यकर्ते म्हणतात.

करिअर सांगणारं एक एआय तयार होत होतं. ते सगळीकडे वापरायला देण्याआधी मुलांकडूनच तपासून घ्यायचं, ते कुठे चुकतं ते मुलांनीच सांगायचं, असा प्रकल्प होता. कोल्हापुरातल्या ज्या संस्थेला हे काम मिळालं तिथे सर समन्वयक होते आणि मी मदतनीस. मुलांना पडद्यावरचं समजावून सांगायचं आणि त्यांनी काढलेल्या चुका टिपून घ्यायच्या, हे माझं काम. कल्पना मला मनापासून पटली होती. मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या घड्या घालत वाढले. ज्यांच्याबद्दल निर्णय घ्यायचा त्यांना आधी विचारा, हे वाक्य आमच्या घरी लोक वर्गणी काढून छापायचे. सरांनी तेच वाक्य चार रंगांत फ्लेक्सवर छापलं होतं आणि त्यात स्वतःचा फोटो घातला होता.

कागल, गारगोटी, पन्हाळा इथून दहावी झालेली मुलं एसटीने आली. सरांनी टाळी वाजवली. “मुलांनो, आज तुम्ही परीक्षक! मशीन विद्यार्थी!” मुलं खूश झाली. लगेच सरांचा आवाज गोड झाला. “फक्त एक लक्षात ठेवा हं. पाहुण्याच्या घरी जेवायला गेलो, तर भाजी अळणी आहे असं म्हणतो का आपण?”

“आमच्यात म्हणत्यात की, सर!” मागून आवाज आला.

हशा पिकला. सरही हसले. आणि मग मत नोंदवायला पडद्यावर दिलेल्या पाच चेहऱ्यांपैकी हसरा चेहरा नेमका कुठला, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

मशीनने मुलांना प्रश्न विचारले. त्यातला एक होता, घरी कोणती कामं करता? मुलींनी प्रामाणिकपणे लिहिलं: स्वयंपाक, भांडी, कपडे, धाकट्या भावंडांना सांभाळणं. मशीनने ती त्यांची आवड धरली आणि मुलींना पाककला, शिवणकाम, ब्यूटीपार्लर वाटून टाकलं. गारगोटीच्या एका मुलाने लिहिलं होतं, काहीच करत नाही. त्याला मशीनने सांगितलं, तुमच्यात व्यवस्थापक होण्याचे गुण आहेत.

“सर, ह्यानं मला मॅनेजर केलंय. कशाचा?”

“म्हसरांचा!” शेजारचा म्हणाला.

कागलची तबस्सुम मात्र हसत नव्हती. ती उठली आणि माइकची वाट न बघता बोलली. “सर, मी भाकरी थापती ती थापायला लागत्यात म्हणून. आवडत्यात म्हणून न्हाय. हे ह्याला कुणी सांगितलं न्हाय व्हय?”

मला वाटलं, हेच. यासाठीच तर बोलावलं होतं मुलांना. एका वाक्यात तिने त्या यंत्राची नस पकडली होती. सर धावत तिच्यापर्यंत गेले, माइक तिच्यासमोर धरला, मागे घेतला आणि म्हणाले, “म्हणजे हिला असं म्हणायचंय, की घरकामातूनही करिअर घडू शकतं! टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. वरिष्ठांकडे गेलेल्या अहवालात सरांचं वाक्य तसंच गेलं. मी टिपलेलं तिचं वाक्य कुठेच गेलं नाही.

तिला आयटीआय करून टर्नर व्हायचं होतं, लेथवर लोखंड कातायचं होतं. तिच्या वडिलांचं कागलला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून, लोखंडी गेट आणि ग्रिल बनवायचं दुकान. काही कामं ते बाहेरून लेथवर करून आणायचे. एकदा ती त्यांच्याबरोबर गेलेली. “बटाट्याच्या सालीगत लोखंडाची साल निघती बघा, ताई,” तिने जेवताना मला सांगितलं. बोलता बोलता हातातली चपाती ताटाच्या कडेशी गोल फिरवत होती.

खरा घोटाळा संध्याकाळी झाला, आणि तो सरांच्या चांगुलपणातून झाला. “आपल्यात कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही,” असं म्हणत त्यांनी प्रत्येक मुलाचा निकाल सोनेरी किनारीच्या कागदावर छापला, खाली वळणदार सही ठोकली आणि लॅमिनेट करून हातात दिला. ज्या मशीनची अजून तपासणी चालू होती, त्याचा निकाल. मी म्हटलं, सर, निदान चाचणी असा शब्द तरी घाला. “बाळ, तू घोषणा कमी दे,” ते म्हणाले. “आईबापांना कौतुक वाटू दे जरा.”

एक गोष्ट मान्य करते, ती लपवली तर हे चित्र खोटं होईल. त्या संध्याकाळी सर स्वतः स्टँडवर आले. मुलींना जागा मिळेपर्यंत कंडक्टरशी भांडले, प्रत्येकीला चिक्की दिली, आणि गाडी हलल्यावरही हात हलवत उभे राहिले. परतताना म्हणाले, “मला कुणी विचारलंच नाही गं, काय व्हायचंय ते. वडिलांनी डीएडला घातलं, गेलो.” मला क्षणभर त्यांची दया आली. विचारणं त्यांना एवढं प्रिय का, ते समजलं. पण ज्याला कुणी विचारलं नाही त्याने तरी ऐकायला नको?

पुढच्या आठवड्यात तबस्सुमचा फोन आला. “ताई, अब्बांनी कागुद भिंतीला लावलाय. आयटीआयचा फॉर्म भरू देईनात. म्हणत्यात, कॉम्प्युटरनं ब्यूटीपार्लर सांगितलंय.”

मी सरांना गाठलं. एक वाक्य लिहून द्या म्हटलं, की ही फक्त चाचणी होती. सर दुखावले. “एका मुलीसाठी सगळ्यांच्या प्रमाणपत्रांवर शंका घ्यायची? आणि ब्यूटीमध्ये काय वाईट आहे? हल्ली पुरुषसुद्धा फेशियल करतात. सकारात्मक राहा, बाळ.”

मग मीच कागलला गेले. तिचे वडील वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आले. बोलणं रांगडं, पण माणूस आडमुठा नव्हता. “मी न्हाय म्हणलो न्हाय, ताई. म्हणलं, शिकलेली माणसं काय सांगत्यात बघू. तर ह्यो कागुद आला. सही हाय, लॅमिनेशन हाय. मग पक्कं असंल की.”

मी सगळं सांगितलं. “म्हंजे परीक्षा पोरीची नव्हती, त्या मशीनची हुती?”

“हो.”

“मग मशीनचा निकाल पोरीच्या हातात का दिला?”

चूक आमची, मी कबूल केलं. “तुमच्यावर इस्वास हाय,” ते म्हणाले, “पण सही त्यांची हाय. त्यांनी एकदा तोंडानं सांगू दे. फुडचं मी बघतो.”

सरांना फोन केला, तेव्हा चक्क हो म्हणाले. शुक्रवारी प्रकल्पाला पैसे देणारे पाहुणे येणार होते, त्यांना घेऊन ते निपाणीकडे निघणारच होते. “जाताना दोन मिनिटं थांबतो. त्यात काय!” आयटीआयच्या अर्जाची मुदतही शुक्रवारीच संपत होती.

त्या शुक्रवारनंतर मी ते काम सोडलं. सर अजून मुलांचा आवाज गोळा करत फिरतात असं ऐकते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, गाडीच्या काचेतून.

दुकानासमोर प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली होती. वडिलांनी धुतलेला शर्ट घातला होता. चहा सांगून झाला होता. तबस्सुम मोबाइल हातात धरून दाराशी उभी. पांढरी गाडी सर्व्हिस रोडला वळली, दुकानापाशी हळू झाली. काच अर्धी खाली आली. आत सर, मागच्या सीटवर पाहुणे. सरांनी आमच्याकडे पाहिलं, मग मागे पाहुण्यांकडे पाहिलं, आणि हात जोडून हसले. “येताना थांबतो हं!”

काच वर गेली. गाडी हायवेला लागली.

तबस्सुमचे वडील रस्त्याकडे बघत राहिले. चहा आला. सरांसाठी मागवलेला कप त्यांनी स्वतःच उचलला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला.

“घाबरतोय त्यो माणूस,” ते म्हणाले.

“कुणाला?”

“मागं बसल्याल्या पावण्यास्नी. त्यांच्याम्होरं उतरून म्हणायला पायजे न्हवं, आमचं मशीन चुकलंय म्हणून.” त्यांनी कप फळीवर ठेवला. “ज्याला आपल्या सहीपायी गाडीतनं उतरवत न्हाय, त्याच्या सहीवर मी पोरीचं आयुष्य ठरवू व्हय? तबस्सुम, काढ त्यो फॉर्म. पयला टर्नर घाल.”

सरांसाठी पुसून ठेवलेली खुर्ची तिने सावलीत ओढली, तिच्यात बसली आणि मोबाइलवर बोटं चालवू लागली. थोड्या वेळाने मान वर न करताच तिने विचारलं,

“अब्बा, दुसरी पसंती काय घालू?”

“फिटर घाल,” ते म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर ओढून कामाला लागले.