आई पहिल्या मजल्यावर राहायला गेली

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कोपरीतल्या एका दवाखान्यात झालं आणि त्याच संध्याकाळी मी तिला रिक्षाने कळव्याला घरी आणलं. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, हातात माझा हात. बिल्डिंगच्या दारात पोचलो तर लिफ्टला पुठ्ठा लावलेला : लिफ्ट बंद आहे. वॉचमन म्हणाला, दुपारी जळकट वास आला आणि आतलं पॅनल गेलं. नवीन मागवावं लागेल.

आम्ही राहतो सहाव्या मजल्यावर. आईचे गुडघे असे की रस्त्यावरून फूटपाथवर चढायलाही तिला खांदा लागतो. मी कसंबसं तिला पहिल्या मजल्यापर्यंत नेलं. तिथे ती जिन्यातच बसली. घामाने साडीची पाठ भिजलेली. मी सेक्रेटरींना फोन लावत होते तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

त्या दारातल्या वहिनींना मी ओळखत होते ते फक्त गणपतीच्या आरतीपुरतं. आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भाताची शेती होती. जागेच्या बदल्यात पहिला मजला त्यांना मिळालेला. वहिनी बाहेर आल्या, आईकडे बघून माझ्यावरच रागावल्या.

"काय ताई, कालच डोळा कापलाय ना तिचा? वर कशाला चढवतेस? आई, ऊठ गो. आत चल."

डोळा काल नाही, त्याच दिवशी कापलेला. आई त्यांचा हात धरून उठली आणि आत गेली. मी मागून औषधांची पिशवी घेऊन गेले.

दोन दिवसांत लिफ्ट सुरू होईल असं सेक्रेटरी म्हणाले होते. पॅनल कुठल्या तरी दूरच्या गोडाऊनमध्ये अडकलं आणि आई तिथेच राहिली.

माझं लग्न झालेलं नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत मी नोकरी करते, आणि नोकरी सोडली तर माझं सगळं वेळापत्रक आईभोवती बांधलेलं. तिचा मऊ भात, तिचं गरम पाणी, तिच्या गोळ्या. स्वयंपाकघरात मी तिला फिरकू देत नव्हते, उगाच पडली-बिडली तर. त्यामुळे ऑफिसला जाताना तिच्या डोळ्यात ड्रॉप्स घालायला मी खाली उतरायचे तेव्हा मनात असं असायचं की ती माझी वाट बघत असेल.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी वहिनी म्हणाल्या, "ताई, ड्रॉप्स घातले मी. तू जा, तुला उशीर होतोय."

आई आतल्या पलंगावर पाय लांब करून बसलेली, मांडीवर सूप, सुपात लसूण. सोलत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा घेतलास का?" कोणी पाहुणी आल्यासारखं.

त्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी मी मुद्दाम आईला आवडणारी मुगाची खिचडी करून डबा खाली नेला. तर ती जेवून बसलेली. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. माझ्याकडे चपाती टोचते म्हणून ती दुधात कुस्करून खायची.

"भाकरी चावली तुला?"

"लोण्यासारखी होती गं," आई म्हणाली. "हिच्या हाताला काय चव आहे!"

डबा मी तसाच वर नेला आणि उभ्यानेच ओट्याशी खाल्ला. खिचडी बरी झालेली. चांगलीच झालेली.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. शेजारच्या फ्लॅटमधून मासे तळल्याचा वास आला की आई आमच्या खिडक्या लावून घ्यायची. खाली वहिनी हॉलमध्येच पेपर पसरून सुकट निवडत होत्या आणि आई शेजारी बसून गप्पा मारत होती. माझ्यासमोर हसताना ती तोंडावर हात धरते. तिथे नाही धरायची. आणि वहिनी तिला सरळ 'आई' म्हणायच्या. काकू नाही, आजी नाही. ती हाक जिन्यातून ऐकू आली की माझी मान आपोआप वळायची, जणू कोणी माझीच वस्तू उचलली.

रविवारी मी ठरवलं, बास. बिल्डिंगमधल्या चार तगड्या माणसांना विनंती केली, आमची हातांची खुर्ची खाली आणली आणि आईला सांगितलं, "चल, तुला वर नेतोय."

वहिनी म्हणाल्या, "लिफ्ट येईल ना आता. राहू दे की."

"नको, तुम्हाला खूप त्रास दिला आम्ही," मी म्हटलं. गोड आवाजात म्हटलं, पण त्यांना कळलं असावं. त्या बाजूला झाल्या.

खुर्ची उचलली. जिन्याच्या वळणावर ती तिरकी झाली आणि आईने डोळे गच्च मिटले. दुसऱ्या मजल्यावर पोचताना एकाचा पाय घसरला. कोणाला काही लागलं नाही, खुर्ची नुसती हलली. पण आई किंचाळली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला किंचाळताना ऐकलं नव्हतं.

"खाली ठेवा मला! खाली न्या!"

"आई, अगं थोडंच राहिलंय."

"मला तिच्याकडे ने," ती म्हणाली.

तिला परत खाली नेलं. मी रिकामी खुर्ची घेऊन पाच मजले चढले. मध्ये कोणीतरी विचारलं, देऊ का हात? मी नको म्हटलं.

नंतर चार दिवसांनी लिफ्टवाले आले आणि संध्याकाळपर्यंत लिफ्ट चालू झाली. मी ऑफिसातून थेट आईला न्यायला गेले. वहिनींनी तिच्या साड्या धुऊन, घड्या घालून ठेवलेल्या. निरोप देताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला राग आला.

"ताई, आईकडून ऐकलं मी सगळं," त्या म्हणाल्या. "विहिरीत उड्या कशा मारायची ते. मीपण लहानपणी खाडीत पोहायची ना, मिठागराच्या बाजूला. आमचं जाम जमलं."

मी आईकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती.

माझी आई पोहते हे मला माहीत नव्हतं. चौपाटीवर माझा हात घट्ट धरून, घोट्याच्या वर पाणी येऊ न देणारी बाई ती. शाळेची सहल नदीवर गेली तेव्हा मला घरी ठेवलेलं तिने. आणि ही बाई विहिरीत उड्या मारायची, हे मला पहिल्या मजल्यावरून कळत होतं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. वर येईपर्यंत मी मजल्यांचे आकडे बघत राहिले. घरात शिरल्यावर तिला खुर्चीत बसवलं आणि मग राहवलं नाही.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय?"

"पोहायचीस ते."

"तू कुठे विचारलंस?" आई म्हणाली. "तू आलीस की गोळी घेतली का, जेवलीस का, पाय दुखतात का, एवढंच असतं गं. त्यात विहीर कुठे सांगू?"

"मग आता सांग."

तिने सांगितलं. पेणजवळचं तिचं माहेर, घरामागची विहीर, चुलत बहिणी, काठावरून कोण आधी उडी मारतं याची पैज. लग्नानंतर विहीर नव्हती, म्हणून सुटलं. मला पाण्यात का जाऊ दिलं नाही, विचारल्यावर म्हणाली, "तुझ्या बाबांना भीती वाटायची. मग मलाही वाटायला लागली."

गोष्ट छान होती. पण ती लवकर संपली. वहिनींना सांगताना हिने आणखी काय काय सांगितलं असेल, कुठे हसली असेल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

आता रोज दुपारी आई एकटी लिफ्टने खाली जाते. मी घरी येते तेव्हा दाराला कुलूप असतं. मी पर्स ठेवते, तोंड धुते आणि तिला आणायला पहिल्या मजल्यावर जाते. वहिनी मला बसायला सांगतात. बहुतेक वेळा मी उभीच राहते.