पाणी समितीचं विसर्जन

आमच्या गावचं पाणी नदीपलीकडून यायचं. वैनगंगेच्या त्या काठाला विहीर आणि पंप, या काठाला टाकी, आणि दोन्हीकडच्या गावांनी मिळून नेमलेली एक पाणी समिती. घर आमचं विणकराचं; सूत भिजवायलाही पाणी लागायचं आणि प्यायलाही, सगळं त्या एका नळाचं. गावची विहीर होळी झाली की गाळावर यायची.

मग जिल्हा तुटला. विहीर पलीकडच्या नव्या जिल्ह्यात गेली, टाकी भंडाऱ्यात राहिली. दोन जिल्ह्यांची मिळून एक समिती चालत नाही, असं कोण्या शहाण्यानं ठरवलं देव जाणे! एका सकाळी कोतवाल गल्लीतून ओरडत गेला, "पाणी समिती विसर्जित झाली होऽऽ!"

मी हातातलं काम टाकून उभी राहिले. सासूबाई मात्र हसल्या. "अवं, तोंड पाडून कायले बसली? विसर्जन झालं तं पुढच्या साली वापस येतेच ना!"

गणपती येतो तशी. हसू नका, सारी गल्ली हेच समजून बसली होती. नळ कोरडा पडला तरी कोणी तोटी बंद केली नाही. खाली पितळेची गुंडी-घागर मांडून बायका पुढच्या सालाची वाट पाहू लागल्या. मीही पाहू लागले.

आमचे हे मोहाडीला तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. "पंप पलीकडं आहे, तिकडं विचारा." पलीकडं गेले. "नळ तुमच्या गावात, मग इकडं काहून आले?" माझं टाळकंच सरकलं. नदीला विचारलं होतं का कोणी, बाई, तू कोणत्या जिल्ह्याची?

उन्हाळ्यात नदीच्या रेतीत खड्डे करून झिऱ्याचं पाणी वाटीवाटीनं भरायचो. तेच पाणी माझ्या लेकीला बाधलं. नुकती पाऊल टाकायला लागली होती. हगवण, उलट्या, डोळे खोल गेले, रडायला आवाज उरला नाही. भंडाऱ्याचे डॉक्टर माझ्यावर खेकसले, "हेच पाणी पाजत राहिलात तर पोर हाती लागायची नाही."

माझं माहेर भंडाऱ्यात. तिथं अंगणात नळ होता. आई म्हणाली, "पाणी येईस्तोवर राहू दे माझ्यापाशी." सासूबाईंनीही समजूत घातली, "पुढच्या सालापर्यंतच तं आहे." काय करणार होते मी? लेक जगवायची की जवळ ठेवायची, एवढंच माझ्या हातात होतं. ती आईपाशी झोपली असताना मी परतीच्या एसटीत बसले.

पुढचं साल आलं. गणपती आले, गेले. पाणी आलं नाही. "येईल बाप्पा, धीर धर," म्हणताना सासूबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. लेकीला आणायला गेले की आई दारातच विचारायची, "नळ आला?" नाही म्हणून मी एकटीच माघारी फिरायचे. परतताना एसटीत तोंडात पदर कोंबून रडायचे. त्या कोतवालाला, त्या शहाण्यांना, नदीलासुद्धा मी शिव्या घातल्या. कशानं काही झालं नाही.

अशी सालं गेली. एकदा वैशाखात भर दुपारी माहेरी पोचले. आई झोपली होती, वहिनी धुणं वाळत घालत होती. मी ओसरीवर टेकले. लेक दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. बाहेर आली ती पाय धुवायला तांब्या आणि प्यायला पेला घेऊन. पेल्याखाली ताटली धरलेली, वहिनीनं शिकवलं असेल तशी.

"घ्या," ती म्हणाली, "पाणी घ्या."

आमच्याकडे लेकरं आईला "घे" म्हणतात. "घ्या" पाहुण्याला. पाणी थंडगार होतं, नळाचं.  मी पेला रिकामा केला आणि दोन्ही हातांनी तसाच धरून बसले.

"अजून आणू का तुमच्यासाठी?" तिनं विचारलं.