चिमट्यात धरलेला कंगवा

सरांनी माझ्या हातातला कंगवा चिमट्याने घेतला. बर्नरवरची तापलेली भांडी उचलायच्या चिमट्याने. बेसिनमध्ये टाकला.

बारावीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. कंगवा कोरड्या केसांत घासायचा, म्हणजे तो भारित होतो. मग नळाच्या बारीक धारेजवळ न्यायचा. पाण्याचा रेणू ध्रुवीय, म्हणून धार कंगव्याकडे वाकते. रॉकेलची वाकत नाही.

कंगवा डॉक्टरांच्या मुलीचा. सगळ्यांच्या हातून फिरला. प्रत्येकाची धार वाकली. माझी सरळच पडत राहिली.

सरांनी माझी वेणी पाहिली. "काय वं, तेलाची अख्खी बाटली ओतून आली काय? इंग्रजी फाडफाड अन् डोकं तांड्याचं!"

वर्ग हसला. डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "सर, मला नको तो कंगवा आता." तेव्हा तो चिमटा आला.

मग माझी जर्नल पुढे ओढली. "लिही. विद्यार्थिनीच्या अस्वच्छतेमुळे प्रयोग फसला. मंग सही करतो."

सही नाही तर सहामाही परीक्षा नाही. मी लिहिलं. नेहमीच्या सुबक अक्षरात.

आदल्या दिवशी माझी आई, माझी याडी, होस्टेलवर आली होती. मानोरा गावाजवळच्या आमच्या बंजारा तांड्यातली माणसं ऊसतोडीला निघाली होती. दरवर्षी निघण्याआधी ती माझ्या डोक्यात मुरणार नाही इतकं तेल घालते. "आता होळीपर्यंत माहा हात नाही लागत तुह्या डोक्याले."

संध्याकाळी मी होस्टेलच्या नळाखाली डोकं धरलं. साबण हातात. केसांतून तिच्या हातांचा वास आला. मी नळ बंद केला.

पाण्यात काही बदललं नव्हतं. ते ध्रुवीयच होतं. तेलाचा थर मधे आला, कंगवा भारित झाला नाही. एवढंच कारण. मला ते वर्गातही माहीत होतं. तरी मी 'अस्वच्छता' लिहिलं होतं.

सकाळी ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं: केसांना तेल होतं. कंगवा भारित झाला नाही. धार वाकली नाही.

सरांनी वाचलं. जर्नल माझ्याकडे सरकवली. "पयलं वाक्य परत लिही. नाहीतर बस घरी."

परीक्षा सोमवारी आहे. सही अजून नाही. माझ्या बाजूने बोलणारं इथं कोणी नाही, याडी उसाच्या फडात आहे. मला बसू देतील की नाही, माहीत नाही.

सोमवारी तेल लावून, घट्ट वेणी घालून परीक्षेच्या दारात उभी राहीन. ते वाक्य माझ्या हाताने पुन्हा लिहिणार नाही.