अंगणातले चोपन्न ठोकळे

माझे यजमान सुतार. आमच्या कापडे गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं आणि हात, पाय, बोलणं एकदमच गेलं. एकच शब्द उरला, ‘नाय’. भूक लागली तरी ‘नाय’, पोट भरलं तरी ‘नाय’.

व्यायामासाठी मी त्यांना महाडच्या दवाखान्यात नेत असे. तिथली व्यायाम करून घेणारी मुलगी टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायची. मधला एक ठोकळा अलगद काढून वर ठेवायचा, मनोरा पडू द्यायचा नाही, असा खेळ. बोटाएवढे ते ठोकळे यांच्या हातातून निसटत.

“काकू, हेच ठोकळे मोठे असते ना, अंगणात खेळायचे, तर पूर्ण पंजा वापरता आला असता,” ती एकदा म्हणाली.

घरी लाकूड होतं. पडवीत सागाच्या तीन इंच रुंद पट्ट्या पडून होत्या. नऊ नऊ इंचांचे तुकडे पाडले की तीन शेजारी बसतात, त्यावर तीन आडवे, असे अठरा थर. करवत मी जन्मात धरली नव्हती. यांना खुर्चीत समोर बसवलं आणि सुरुवात केली.

पहिल्याच तुकड्याला ते म्हणाले, “नाय.” दुसऱ्यालाही तेच. डावा हात उचलून हत्यारांच्या पेटीकडे दाखवत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले होते. मी करवत आपटली.

“सारखं नाय नाय काय? मग उठा नि तुम्हीच करा!”

त्यांनी हात मांडीवर ठेवला. त्यानंतर पेटीकडे दाखवलं नाही.

चोपन्न तुकडे झाले. पॉलिश पेपरने घासले. रचायला घेतल्यावर कळलं, एकही कड सरळ नव्हती. पेटी उघडली तर वरच गुण्या होता, काटकोन आखायचा. एवढंच सांगत होते ते.

तरी मी मनोरा उभा केला. त्यांच्या छातीपर्यंत आला, जरा कललेला. त्यांच्या उजव्या हाताखाली माझा हात धरून आम्ही एक ठोकळा काढला. दुसरा काढताना सगळा डोलारा धडाधड कोसळला आणि ते हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. मीही हसले. अंगणात आम्ही दोघं किती वेळ हसत होतो, देव जाणे.

मग त्यांच्या पायाखाली रक्त दिसलं. ठोकळा पडून उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख उखडलं होतं. त्यांना पत्ताच नव्हता, ते हसतच होते.

त्यांना साखर आहे. जखम चिघळली. महिन्याभरात अंगठा काढावा लागला.

मुंबईहून मुलगा आला. दवाखान्याच्या जिन्यात म्हणाला, “आई, कुणी सांगितलं होतं तुला हे?”

“कुणी नाय,” मी म्हटलं.

तो तसाच जिना उतरून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

महाडच्या फेऱ्या थांबल्या. आता ते खुर्चीतही बसत नाहीत. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलते, तोंड पुसते, भाताची पेज भरवते. कालपासून कमरेखाली कातडी लाल दिसते आहे, दाबलं की पांढरी होत नाही. पडून पडून होणाऱ्या जखमा अशाच सुरू होतात.