अप्पांचं आवडतं वाक्य आणि माझी पहार

गेल्या श्रावणातल्या एका बुधवारी भरदुपारी मी माझ्या वडिलांच्या खोलीचं दार पहारीने फोडलं. आत ते सुखरूप होते. म्हणजे, मी दार फोडेपर्यंत होते.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत या प्रकाराच्या बऱ्याच आवृत्त्या फिरतायत. एकीत दरोडा आहे, एकीत गॅसगळती आहे, एकीत फ्लॅटच्या वाटणीवरून हाणामारी आहे आणि सगळ्यात लोकप्रिय आवृत्तीत मी पिऊन आलो होतो. (मी सोलकढीसुद्धा जपून पितो!) मी मुळातच कमी बोलणारा, त्यात गुन्हेगार, म्हणून गप्प बसलो. पण परवा लिफ्टमध्ये मी शिरल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या चिमुरडीने आईचा पदर घट्ट धरला आणि विचारलं, "हेच ते दारवाले काका?" तेव्हा म्हटलं, आता खरं काय ते सांगून टाकावं. खरं जास्त लाजिरवाणं आहे, पण निदान आपलं आहे.

मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. संशय घेण्याचा मला पगार मिळतो. हाताला प्लास्टर घालून आलेल्या माणसाकडे बघून लोकांना वाटतं, 'अरेरे!' मला वाटतं, 'आत खरंच हात मोडलाय का?' हा रोग ऑफिसातच ठेवून यावा, तर आठवड्यातून एकदा घरूनच काम असतं. दर बुधवारी.

घरात आम्ही तिघं. मी, बायको सुजाता आणि अप्पा. अप्पांनी आधी परळच्या गिरणीत आणि गिरणी गेल्यावर इथल्या एका छोट्या कारखान्यात आयुष्य काढलं. आता सकाळी पेपर, संध्याकाळी बाग. अप्पांचं आणि माझं भांडण नाही. फक्त आम्ही एकमेकांशी बोलत नाही. आमच्या घराण्याची पद्धतच ती! बाप-लेकाच्या मधे एक बाई लागते. आई होती तोवर "त्येका विचार, जेवतलो काय?" आणि "त्यांना सांग, जेवलो," असा आमचा मोकळा संवाद चालायचा. आई गेल्यावर हे खातं सुजाताकडे आलं. समोरासमोर बसून आम्ही तिच्यामार्फत एकमेकांना मीठ मागतो.

तर एका बुधवारी मी पॅसेजमधून जात असताना अप्पांच्या बंद दाराआडून त्यांचा आवाज आला. दबलेला, भारावलेला आणि अस्सल मालवणी. (अप्पा रंगात आले की मालवणीत शिरतात.)

"जहाजार आम्ही पाच जणां चढलंव. जेवूक मात्र सहा ताटां लागतत. आपल्यातलो एक जण आपलो न्हय."

मी जागच्या जागी थिजलो. कुठलं जहाज? कोण पाच जणं? आमच्याकडे ताटंच मुळी चार बाहेर असतात!

"सुजाता," मी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजलो, "अप्पांना विचार ना, फोनवर कोण असतं."

"तुम्ही विचारा. वडील कोणाचे?"

"सून कोण त्यांची?"

"अहो, मला कळलंय काय ते," सुजाता कोथिंबीर निवडत म्हणाली. "बाईचा आवाज असतो. गोड आहे. नाहूरची आहे."

"नाहूरची? तुला काय माहीत?"

"ती म्हणाली ना मागे, 'आमच्या नाहूरला आज पाणी नाही.' अप्पा बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालतात, बघितलंत? पावडर पण लावतात. चांगलं आहे की! जमलं असेल काहीतरी."

"या वयात?"

"का? तुमच्या वयात तुम्ही काय दिवे लावलेत?"

तरी तिने माझ्यासमोरच अप्पांना विचारलं. अप्पा पेपराआडून म्हणाले, "मित्रमंडळी असतत."

इथे माझा संशय पक्का झाला. अप्पांची सगळी मित्रमंडळी आता फोटोत आहेत, आणि त्यांना हार घातलेला आहे!

प्रेमबिम काही नाही, हे माझ्यातल्या तपासनिसाने ओळखलं. रोज पेपरात येतं ना: एकट्या म्हाताऱ्या माणसाला फोन येतो, 'तुमच्यावर नजर आहे, घरात कोणाला सांगू नका, खोलीचं दार लावून घ्या,' आणि संध्याकाळपर्यंत बँकेतलं सगळं साफ. दार लावणं? होतं. कुजबुज? होती. गोड आवाजाची बाई? होती. अप्पांची गिरणीपासूनची सगळी कमाई एकाच खात्यात होती आणि त्या खात्याला जोडलेला फोन त्यांच्या उशाशी.

पुढच्या बुधवारी मी दाराला स्टीलचा पेला लावून ऐकायला उभा राहिलो. आतून बाई म्हणत होती, "तुमचा आवाज ओळखीचा आहे हो, पण तुम्ही खरे आहात हे कशावरून?" अप्पा म्हणाले, "माका बोट लावून बघ. रगत येता तर मी खरो." रक्ताची तपासणीसुद्धा मागायला लागले हे लोक!

"इथे आहे होय पेला!" पाठीमागून सुजाता कडाडली. "मी अख्खं घर पालथं घातलं!"

आतला आवाज बंद झाला. थोड्या वेळाने आतून कडी लागल्याचा आवाज आला. आजवर अप्पा दार नुसतं लोटून घ्यायचे.

मग उजाडला तो बुधवार. सुजाता माहेरी जोगेश्वरीला गेली होती, म्हणजे घरात दुभाषी नाही! मी मुद्दाम पायांचा आवाज करत पॅसेजमध्ये गेलो. दारापाशी उभा राहिलो. एकदाच, आयुष्यात एकदाच, सरळ विचारायचं ठरवलं. टकटक करायला हात वर केला, आणि आतून अप्पांचा आवाज आला, इतका घाबरलेला की तसा मी कधीच ऐकला नव्हता.

"दाराभायर माझ्या झिलासारखो कोणतरी उभो असा. आवाजय तेचोच. पण तो माझो झील न्हय. दार उघडू नको."

झील म्हणजे मुलगा. म्हणजे मी. म्हणजे त्या टोळीने माझ्या बापाला माझ्याविरुद्ध फितवलं होतं!

"अप्पा! मी श्रीकांत! मीच आहे!"

आतून ती गोड बाई: "थांबू नका, वेळ कमी आहे. नंबर सांगा, नंबर!"

अप्पा काहीतरी म्हणाले.

"आवाज तुटतोय. एकेक आकडा सुटा सांगा."

"एक..." अप्पा म्हणाले. "चार..."

ओटीपी!!

मी दाराला खांदा मारला. दार जसंच्या तसं. खांदा मात्र राहिला नाही. मी जिन्यात धावलो. समोर आमचे सेक्रेटरी छेडाभाई. यांचं खालीच हार्डवेअरचं दुकान आहे.

"छेडाभाई, वाट लागली! अप्पांना आत कोंडलंय!"

"कोणी?"

"फोनवाल्यांनी!"

"अरे श्रीकांतभाई, टेन्शन नाय लेवाचा," म्हणत त्यांनी दुकानातून नवी कोरी पहार मागवली. तिच्यावरचं लेबलसुद्धा काढलं नव्हतं. "तोडून टाकू आपण. नवा कडी पण आपल्याकडेच हाय."

आणि मी दार फोडलं. "अप्पा, पुढचा आकडा देऊ नका!" असं ओरडत, हातात पहार, बनियनवर, मी आत कोसळलो.

अप्पा टेबलापाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पावडर, नाकावर चष्मा. हातात पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेली एक इंग्रजी कादंबरी, मुखपृष्ठावर एक जहाज आणि दोन चंद्र. समोर लॅपटॉप. (सुजाताचा जुना. तो कुठे गेला म्हणून मी मोलकरणीवरही संशय घेतला होता. तिची माफी मागायची अजून राहिलीय.) पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत म्हातारी माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी. वरच्या बाजूला अक्षरं: 'आजचा विषय: अंतराळपटांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांतली आवडती वाक्यं.'

"...सात," अप्पांनी राहिलेला आकडा पूर्ण केला. "पान एकशे सत्तेचाळीस." जहाज, सहावं ताट, रगत, दाराबाहेरचा झील: सगळं त्या इंग्रजी पुस्तकातलं, अप्पांनी मालवणीत आणलेलं.

पडद्यावरच्या एका आजींनी टाळ्या वाजवल्या. "बाई गं! किती सुंदर सादरीकरण! दार खरंच फोडलं!"

"माझ्या पाठीवर बघा, काटा आला," दुसरे एक आजोबा म्हणाले.

तिसऱ्या चौकटीतले आजोबा मात्र दिसेनासे झाले होते. ते पोलिसांना फोन लावायला गेले होते, हे नंतर कळलं. कसं कळलं, तर पोलीस आले तेव्हा.

हवालदार भला माणूस होता. त्याने फुटक्या दाराकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं, माझ्या बनियनकडे पाहिलं.

"दार कोणी तोडलं?"

"मी."

"घर कोणाचं?"

"वडिलांचं."

"का तोडलं?"

"ते... आत पुस्तक वाचत होते."

हवालदाराने पेन थांबवलं. "काय?"

"साहेब, मी पहार फक्त दिला," छेडाभाई मागच्या मागे सरकत म्हणाले.

हवालदार अप्पांकडे वळला. "आजोबा, घाबरू नका. नीट बघून सांगा. हा तुमचाच मुलगा का?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पडद्यावरची सगळी म्हातारी मंडळी श्वास रोखून बघत होती.

"दिसता तसोच," अप्पा म्हणाले.

पोलीस गेले. छेडाभाईंनी नवी कडी बसवली. लोक हसले, मीही त्यांच्यात हसून घेतलं. पण पुढच्या बुधवारी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला नाही. लॅपटॉप बंद करून सुजाताच्या टेबलावर ठेवलेला, वर पुस्तक. "कोणाक तोंड दाखवू?" एवढंच ते तिला म्हणाले, आणि गादीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतरच्या बुधवारीही तसंच. आई गेल्यानंतर माणूस पहिल्यांदा कुठेतरी बोलायला लागला होता. ते मी पहार घालून बंद पाडलं. हे हसण्यावारी न्यायला मला जमेना.

"सुजाता, त्यांना सांग ना..."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "मी राजीनामा दिलाय."

मी पुस्तक उचललं आणि अप्पांच्या पायथ्याशी जाऊन बसलो. नवी कडी असूनही दार नव्हतंच नीट लागत, त्यामुळे टकटक करायची पंचाईत झाली नाही.

"अप्पा, यात एवढं काय आहे?"

मी उठणार, तेवढ्यात भिंतीकडूनच आवाज आला.

"गिरणीत असताना रविवारी इंग्लिश पिक्चर बघूक जायचो. एक अक्षर कळायचा नाय. नुसतीच जहाजां. मग फुटपाथवर त्याच पिक्चराची पुस्तका गावायची. डिक्शनरी घेवन वाचायचो, कोण काय बोललो ता कळूक." ते वळले. "पण पुस्तकात जास्तच निघायचा रे. पिक्चरात एक बाई खिडकेतसून नुसती बघता. एक शब्द नाय. पुस्तकात तिच्या मनात काय चलला, ता सगळा लिवलेला."

"मग आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

"तू कधी इचारलंस?"

मी तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतोय. घरात एकही विचारला नव्हता. मी तिथूनच नाहूरच्या त्या गोड आवाजाच्या कुलकर्णीबाईंना फोन लावला. त्या बुधवारचं हे वाचनमंडळ चालवतात, निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. माझा आवाज ऐकून त्या आधी म्हणाल्या, "पहार खाली ठेवा," आणि मग म्हणाल्या, "अप्पांची जागा आहे तिथेच आहे. त्यांच्या वाक्याला त्या दिवशी पहिला नंबर मिळाला. त्यांना म्हणावं, शर्टाला इस्त्री करा."

मी म्हटलं, "सांगतो." आणि वळून, कोणालाही मधे न घेता, सांगितलं. अप्पांनी "बरां" म्हटलं आणि पावडरीचा डबा मागितला.

आता दर बुधवारी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसतो. मंडळाचा नियम आहे: नव्या सभासदाने आपलं आवडतं वाक्य सांगायचं. मी रीतसर तयारी केली. कॅमेऱ्यात बघून, आवाज जड करून म्हणालो, "'आकाश रिकामं नाही, आपलीच हाक मारायची राहिली.' या वाक्याने, मित्रहो, माझं आयुष्य बदललं."

चौकटींमधून "वा!" आलं. एका आजींनी डोळे टिपले. मला वाटलं, चला, एकदाचं माफ झालं.

आणि अप्पा माइकपाशी वाकले. "बाईंनू, ह्येचा खरा मानू नका. ह्येना पुस्तक वाचूक नाय. काल मोबाइलवर पिक्चर बघल्यान."

मी मान खाली घातली. सांगायला लाज वाटते, पण तोसुद्धा अर्धाच. पुढे मला झोप लागली होती.