शेवटचं कडवं

कासूचे नाथाबुवा पावसाळ्यात भात पिकवतात, हिवाळ्यात वाल, आणि गणपतीत गाण्यावर फेर धरून जाखडी नाचवतात. मी त्यांचा बावीस वर्षांपासूनचा ढोलकीवाला, म्हणजे मी त्यांच्याच बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

जाखडीच्या शेवटच्या कडव्यात आधी गुरूचं नाव येतं, मग रचणाऱ्याचं. त्याविना गाणं बेवारशी. बुवांनी एक गाणं रचून पेणला रेकॉर्ड केलं. शेवटी गुरू महादेवबाबांचं आणि स्वतःचं नाव होतं. रोह्याच्या सुजय मोबाइलवाल्यानं ते कुठूनसं उतरवलं, शेवटचं कडवं कापलं, तिथे स्वतःच्या दुकानाची जाहिरात चिकटवली आणि गावभर वाटलं. बुवा जाब विचारायला गेले, तर हा निलाजरा हसला. म्हणाला, "तुमच्या बाबाला ओळखतो कोण?"

ते बुवांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी तक्रार केली. पोलिसांनी सुजयचा कॉम्प्युटर उचलला तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण छाप्याचा बोभाटा झाला आणि जो तो तेच गाणं मागू लागला. आठवडाभरात ते, कापलेलंच, महाडपर्यंत पोचलं. आमचा जबाब घेणाऱ्या हवालदाराची रिंगटोनही तीच. कायद्यानं दुकान आठ दिवस बंद ठेवलं, गाणं एक दिवसही नाही.

बुवांनी तक्रारीचा नाद सोडला. पुढच्या गणपतीत मात्र त्यांनी नवं गाणं काढलं. दर ओळीत महादेवबाबांचं नाव, आणि त्याच ओळीत सुजयचं नाव घेऊन त्याच्या चोरीची सालटी काढलेली. कुठूनही कापा, दोन्ही नावं राहणारच. या खेपेला आम्हीच ते दहा जणांना पाठवलं, पुढचं काम लोकांनी केलं. गिऱ्हाइकं सुजयच्याच दुकानात येऊन ते मागायची. मार्गशीर्षात त्याच्या हळदीला डीजेवाल्यानंही तेच लावलं. हे ऐकून मी पोटभर हसलो, मला जराही वाईट वाटलं नाही.

लग्नानंतर सुजय कासूला आला. बुवा आणि मी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होतो, तो पायरीवर टेकला.

"बुवा, ते गाणं बंद करा. सासुरवाडीतपण पोचलंय."

"बंद होत नाय रे. मी कायदा लावून बघितलाय." बुवांनी मान वर केली नाही. "त्यात गुरू कोण हाय, सांग."

सुजय पुटपुटला, "महादेवबाबा."

"ओळखतोस ना आता? मग जा."

तो उठला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.