भाकर थापणारा हात

दिव्यांगांसाठी साधनं शोधायची आणि बसवायची, एवढंच आमच्या नांदेडच्या वर्कशॉपचं काम. माणसं दोन: मी मापं घेतो, सलीमभाई वस्तू घडवतात. शिबिराहून परतताना गाडीत कुबड्यांपेक्षा किस्सेच जास्त असतात!

सलीमभाई मूळचे वेल्डर. माप घेण्याआधी त्यांचा एकच सवाल, "सकाळी उठून पहिलं काम काय करता?" मला ही नुसती चौकशी वाटायची.

*

मुखेडच्या शिबिरात एक आजोबा हातांवर सरपटत आले.

"व्हीलचेअर मिळाली नाही का?" मी विचारलं.

"मिळाली की! कव्हर घालून ठेवलीय. नवी हाय, चिखलानं मळंल!"

सलीमभाईंनी त्यांच्या घरी जाऊन कव्हर काढलं, जाड टायर बसवले आणि चिखल स्वतःच फासला. "घ्या, झाली जुनी!" आजोबा त्याच दिवशी शेतात गेले.

*

लोह्याच्या टेलरकाकांना श्रवणयंत्र बसवलं. त्यांनी शिलाई मशीन चालवली आणि दचकलेच. "ही इतकी वर्षं किरकिर करून राहिली, आन् कुणी सांगितलं न्हाई!"

काकू म्हणाल्या, "सांगितलं की. रोज!"

*

इस्लापूरच्या शकुंतलाताई धबधबा पाहायला येणाऱ्यांना पिठलं-भाकर विकायच्या. कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात उजवा हात मनगटातून गेला आणि चूलच बंद पडली. मी धावपळ करून कंपनीचा कृत्रिम हात मिळवला. पाच बोटं, वर नखंसुद्धा! मी खूश.

सलीमभाईंनी नेहमीचा सवाल टाकला.

"भाकरी थापायचे," ताई म्हणाल्या. मग हाताकडे पाहून, "ह्यानं थापता येती का?"

नव्हती येत. माझा चेहरा पडला.

*

मग सलीमभाईंनी रबराचा सपाट तळवा केला. घरून पीठ आणून, मळून, तो मुठीत धरून थापून पाहिला. पास! तळवा बसवून घ्यायला वर्कशॉपात आलेल्या शकुंतलाताईंनी पिठाला बोट लावलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"भाऊ, ही तर गव्हाची कणीक! ज्वारी अशी धरून राहत न्हाई!"

खरंच, ज्वारीचं पीठ घेतलं तर भाकर रबराला चिकटून वर आली. सलीमभाई चिडले, रबर फेकलं, सागवानाचा तळवा घासायला बसले. पुढचे पंधरा दिवस वर्कशॉपभर ज्वारीचं पीठ. आम्हा दोघांनाही भाकर जमायला लागली!

*

परवा इस्लापूरला गेलो. चूल पेटलेली, समोर गिऱ्हाईक बसलेलं. ताईंचा सागवानी तळवा परातीत थपथप चालला होता. भाकर तव्यावर टम्म फुगली. सलीमभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मला इतका अभिमान वाटला, की मी तीन भाकरी खाल्ल्या.

निघताना विचारलं, "ताई, तो कंपनीचा हात कुठंय?"

त्यांनी मानेनं शेताकडे दाखवलं. ज्वारीत बुजगावणं उभं होतं. बाहीतून पाच बोटं बाहेर, नखांसकट.

"लावलाय कामाला. पाखरं लई भेत्यात!"